पोलिसांचं गैरवर्तन मोजायचं कसं? दोन देशांचे आकडे शेजारी ठेवता येतात का?

रानजाई (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये गुन्हेशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रबंधासाठी विषय घेतला, भारत, इंग्लंड-वेल्स आणि अमेरिका इथल्या पोलिसांच्या गैरवर्तनाची तुलना. वाटलं होतं की आकडे जमवायचे, लोकसंख्येने भागायचं आणि तक्ता मांडायचा. पहिल्याच आठवड्यात अडले.

2021 मध्ये भारतात पोलिस कोठडीत किती माणसं मेली? एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) अहवालात 88. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे 2021-22 मध्ये नोंद झाली 175 मृत्यूंची. एकाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, दुसऱ्याचं एप्रिल ते मार्च, हे मला कळतं. पण तीन महिने पुढे सरकल्याने आकडा दुप्पट होत नाही.

आता इंग्लंड-वेल्स. इथली पोलिस तक्रारींची स्वतंत्र संस्था, आयओपीसी, दरवर्षी आकडे काढते. 2021-22 मध्ये कोठडीत किंवा कोठडीनंतर 11 मृत्यू. लोकसंख्या सुमारे सहा कोटी. भारताचे 88, लोकसंख्या 140 कोटी. भागाकार करून बघा, इंग्लंडची कोठडी भारताच्या जवळपास तिप्पट जीवघेणी ठरते! सरांना तक्ता दाखवला तर ते एवढंच म्हणाले, "तुला स्वतःला हे पटतं का?" नाही पटत. पण का नाही पटत ते मला कागदावर मांडता यायला हवं. इथे पोलिस, वकील, डॉक्टर सगळेच आहेत, म्हणून विचारते.

सदाफुली
वाचतेय. महत्त्वाचा विषय.

वकील_नांदेडकर
रानजाई, पटत नाही हे बरोबरच आहे. मी 22 वर्षं फौजदारी बाजूला प्रॅक्टिस करतोय. तुला एक रोजचं दृश्य सांगतो.

आरोपीला पहिल्या रिमांडसाठी कोर्टात आणतात. मॅजिस्ट्रेट साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" प्रश्न विचारला जातो त्या वेळी आरोपीच्या डाव्या दंडाला धरून उभा असतो तोच कॉन्स्टेबल, ज्याच्याबरोबर त्याला परत त्याच ठाण्यात जायचं असतं. आरोपी मान हलवतो. रिमांडच्या कागदावर ओळ उमटते, "आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही." पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी मिळते, पुढचा पुकारा होतो. सगळं मिळून दोन मिनिटं.

अशा हजारो ओळी रोज राज्यभर लिहिल्या जातात. उद्या कुणी हे कागद संगणकात भरून "99 टक्के आरोपींची तक्रार नाही" असा निष्कर्ष काढला, तर तो आकडा खरा असेल आणि त्याला काडीची किंमत नसेल. तक्रारींची संख्या मोजू नकोस, निदान ती एकटी मोजू नकोस.

आकडेमोड
वकीलसाहेबांचा मुद्दा उलट बाजूनेही लागू होतो. उत्तर आयर्लंडमध्ये 1998 च्या कायद्याने पोलिसांसाठी स्वतंत्र लोकपाल आला, 2000 साली कामाला लागला. चौकशी पोलिस करत नाहीत, लोकपालाची माणसं करतात. अशा ठिकाणी तक्रारी भरपूर येतात, कारण लोकांना वाटतं की तक्रार केली तर कुणीतरी ऐकेल. म्हणून देशोदेशींच्या तक्रारी शेजारी मांडल्या की जिथे ऐकणारं कुणी आहे तोच देश वाईट दिसतो.

धागाकर्तीच्या तक्त्यात मला दोन खोट दिसतात. पहिली म्हणजे भाजक. लोकसंख्येने का भागायचं? कोठडीत मरायला आधी कोठडीत जावं लागतं. किती अटका झाल्या, किती तास माणूस आत होता, हे भाजकात हवं. दुसरी म्हणजे व्याख्या. आयओपीसी "कोठडीत किंवा कोठडीनंतर" म्हणते तेव्हा त्यात कोठडीत तब्येत बिघडून पुढे हॉस्पिटलमध्ये गेलेला माणूस येतो, मानसिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी ताब्यात घेतलेला येतो. त्यांची चाळणी बारीक आहे, म्हणून त्यांच्या चाळणीत जास्त उरतं.

हेमंत_ह्यूस्टन
अमेरिकेबद्दल सांगतो, इथे 26 वर्षं राहतोय.

2014 मध्ये फर्ग्युसनचं प्रकरण झालं (मायकेल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला) तेव्हा लोकांनी साधा प्रश्न विचारला, पोलिसांच्या हातून वर्षाला किती माणसं मरतात? जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाच्या सरकारकडे धड उत्तर नव्हतं. कोठडी मृत्यूंची नोंद ठेवण्याचा कायदा 2000 मध्ये झाला होता, 2014 च्या अखेरीस पुन्हा केला, तरी नव्हतं. शेवटी वर्तमानपत्रांनी मोजायला घेतलं. वॉशिंग्टन पोस्टने 2015 पासून पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांची यादी ठेवली, दरवर्षी साधारण हजार. गार्डियनने 2015 आणि 2016 अशी दोन वर्षं सगळ्याच प्रकारचे मृत्यू मोजले, तर दोन्ही वर्षी हजाराच्या वर. एफबीआयने बळाच्या वापराची राष्ट्रीय नोंद सुरू केली ती 2019 मध्ये, आणि तीही पोलिस खात्यांच्या मर्जीवर.

आता व्याख्येची गंमत नाही, वेदना सांगतो. 2020 मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने मेलेला जॉर्ज फ्लॉइड पोस्टच्या यादीत बसतच नाही, कारण त्याच्यावर गोळी झाडली गेली नव्हती. मिनियापोलिस पोलिसांचं त्या दिवशीचं पहिलं पत्रक काढून बघा. मथळ्याचा अर्थ असा, पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटना घडून एकाचा मृत्यू. फुटपाथवरच्या 17 वर्षांच्या मुलीने फोनवर चित्रण केलं नसतं तर तो मृत्यू त्याच रकान्यात कायमचा पडला असता. मी आणि बायको रात्रभर तो व्हिडिओ अर्धवट बघून बंद करत होतो. पुरा बघवला नाही.

पांढरा_कोट
हेमंतदादा, "वैद्यकीय घटना" वाचून हात थांबला. मी न्यायवैद्यक विभागात आहे. आमच्याकडे हेच वाक्य मराठीत येतं, "छातीत दुखू लागल्याने उपचारासाठी दाखल केले असता मयत झाला."

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2021 साली एक मोठा अभ्यास आला होता. अमेरिकेच्या सरकारी मृत्यू नोंदी आणि स्वयंसेवी यादीकारांच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. 1980 ते 2018 या काळातले पोलिस हिंसेचे अंदाजे 30,800 मृत्यू, आणि त्यातले 55.5 टक्के सरकारी नोंदीत पोलिसांच्या नावे नाहीतच. एक मोठं कारण अगदी साधं आहे. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने जखम लिहिली, पण ती पोलिसांच्या हातून झाली हे लिहिलं नाही. म्हणजे ही गळती आमच्या टेबलावर होते, रानजाई. पोलिसांच्याच टेबलावर नव्हे.

मारहाण दिसते कुठे तेही सांगते. सावळ्या कातडीवर मुका मार वरून नीट दिसत नाही. पाठ, नितंब, पोटऱ्या, तळपाय इथे चीर देऊन कातडीखाली बघावं लागतं. पट्ट्याचा किंवा काठीचा मार तळपायाला असेल तर वरून फक्त जरा सूज दिसते, आत रक्त साकळलेलं असतं. चीर दिली तर दिसणार, नाही दिली तर अहवालात "बाह्य जखमा नाहीत". मानवाधिकार आयोगाने 1995 मध्येच सांगितलंय की कोठडी मृत्यूच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा. ते केलं की हात आपोआप जास्त काळजीने चालतो, हा माझा अनुभव आहे. तालुक्याच्या ठिकाणी जिथे एकच एमबीबीएस डॉक्टर, बाहेर जमाव आणि दारात पीआय उभा, तिथे काय होत असेल ते मी बोलायला नको.

रोखठोक
सगळे पोलिसांच्या मागे का लागलेत? अट्टल गुन्हेगाराला चहा पाजून कबुली मिळते का? पोलिसांना 14-14 तास ड्युटी, सणासुदीला बंदोबस्त, गळक्या क्वार्टर. ते कुणी मोजतं का?

सदाफुली
मोजतात. माझा धाकटा भाऊ कॉन्स्टेबल आहे म्हणून हे मी शोधून वाचलंय. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांनी 2019 च्या अहवालासाठी 21 राज्यांत 11,834 पोलिसांशी बोलून ड्युटीचे तास, रजा, घरं सगळं नोंदवलं. सरासरी दिवस 14 तासांचाच निघाला. त्याच अहवालात हेही आहे की किरकोळ गुन्ह्याला खटल्यापेक्षा पोलिसांनीच छोटीशी शिक्षा द्यावी असं 37 टक्के पोलिसांना वाटतं. थकवा आणि मारहाण या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिता येतात, रोखठोक. माझा भाऊ घरी येतो तेव्हा जेवताना ताटावर झोपतो. मला त्याची काळजी आहे आणि त्याच्या ठाण्यात आणलेल्या पोरांचीही आहे.

वकील_नांदेडकर
सदाफुलीताई, मनापासून सहमत.

रोखठोक यांना एवढंच, एनसीआरबीच्याच नोंदी. 2001 ते 2020 या 20 वर्षांत देशात 1,888 कोठडी मृत्यू. पोलिसांवर गुन्हे 893. दोषारोपपत्र 358 पोलिसांवर. शिक्षा 26 जणांना. "अट्टल गुन्हेगार" म्हणून जे मेले त्यांचं अट्टलपण कुठल्या कोर्टात शाबीत झालं होतं?

मृणाल_बोखुम
जर्मनीतून. इथे एक वेगळी वाट काढली गेली. बोखुमच्या रूर विद्यापीठात टोबियास झिंगेलनश्टाइन यांच्या गटाने सरकारी आकडे बाजूला ठेवले आणि ज्यांना पोलिसांकडून बेकायदा मारहाण झाली असं वाटतं त्यांनाच विचारलं. 3,300 हून जास्त लोकांनी उत्तरं दिली. बहुतेकांनी कुठेही तक्रार केलेली नव्हती. म्हणजे सरकारी आकड्याखाली मोठा अंधार आहे एवढं कळलं.

पण त्यांनीच स्पष्ट सांगितलं की हा सगळ्या देशाचा प्रातिनिधिक नमुना नाही. ज्यांना बोलायचं होतं ते बोलले. त्यामुळे "जर्मनीत अमुक टक्के" असं त्यातून काढता येत नाही. पोलिस संघटनांनी टीका केली ती याच मुद्द्यावर, आणि तो मुद्दा खोटा नाही.

आकडेमोड
घरोघरी जाऊन विचारायची जुनी पद्धत आहेच. 1989 मध्ये सुरू झालेलं आंतरराष्ट्रीय गुन्हे-पीडित सर्वेक्षण, आणि त्यात नव्वदीच्या सुरुवातीला आपली मुंबईही होती. पुढे त्यात सरकारी माणसाने लाच मागितली का हा प्रश्न आला, पोलिसांसह. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेच्या 2020 च्या आशियाच्या पाहणीत भारतात पोलिसांशी काम पडलेल्यांपैकी 42 टक्के लोकांनी लाच दिल्याचं सांगितलं. चिरीमिरीबद्दल लोक अनोळखी माणसाजवळही बोलतात, म्हणून लाच घरोघरी मोजता येते. मारहाणीबद्दल बोलत नाहीत. आणि ज्याला सगळ्यात जास्त मार बसतो तो पारधी वस्तीवरचा, पुलाखालचा, परप्रांतातून आलेला मजूर. सर्वेक्षणवाला दार ठोठावतो, पण यांच्याकडे दारच नसतं.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या (एसीबी) सापळ्यांचे आकडे मात्र तुलनेला घेऊ नकोस, रानजाई. महसूल आणि पोलिस वर्षानुवर्षं वरच्या दोन जागांवर असतात, पण सापळ्यांची संख्या वाढली म्हणजे लाच वाढली की एसीबीचा अधिकारी कामसू आला, हे त्यातून कळत नाही.

ठाणे_अंमलदार
मी उशिरा आलो. निवृत्त सहायक फौजदार. 34 वर्षं नोकरी, त्यातली बरीच ठाणे अंमलदार म्हणून. सगळे प्रतिसाद वाचले. मुलीने प्रश्न प्रामाणिकपणे विचारलाय, उत्तरही तसंच द्यायला हवं.

88 आणि 175 यात काय फरक आहे ते पूर्ण मलाही सांगता येणार नाही. पण कागद कुठून कुठे जातो ते माहीत आहे. आयोगाला 24 तासांत कळवायचं हा 1993 च्या डिसेंबरमधला आदेश आहे. मृत्यू झाला की आधी तार, मग फॅक्स, आता मेल. त्या घाईत कुणी विचार करत बसत नाही की हा कुठल्या रकान्यातला. न कळवलं तर वरून विचारणा होते, म्हणून कळवून मोकळे होतात. एनसीआरबीचा तक्ता वर्ष संपल्यावर भरतात. तोवर चौकशी झालेली असते, शब्द ठरलेले असतात.

आणि आता "अटक दाखवणे" हा शब्द लक्षात ठेव. अटक करणे वेगळं, दाखवणे वेगळं. माणूस रात्री आणला, डायरीला नोंद नाही. "विचारपूस चालू आहे." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अटक दाखवली. 24 तासांत कोर्टापुढे हजर करायचं ते या दाखवलेल्या वेळेपासून. मधले तास कुठेच नाहीत. एनसीआरबीत "रिमांडवर नसलेले" असा वेगळा रकाना आहे, तो नीट बघ. त्या रकान्यात आमच्या खात्याची खरी गोष्ट आहे.

एक प्रसंग आहे, नाव-गाव सांगणार नाही. नव्वदीतला. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून 19 वर्षांचा पोरगा आणला होता. मी ठाणे अंमलदार. डायरी माझ्यासमोर उघडी, पेन हातात. साहेब म्हणाले, "सकाळी बघू." मी पेनाला टोपण लावलं. पोराची आई डबा घेऊन बाहेर पायरीवर बसली होती. आतला आवाज तिला ऐकू जात होता आणि मला माहीत होतं की ऐकू जातोय. पहाटे तिने डबा माझ्याकडे दिला, म्हणाली, "भाऊ, एवढा द्या त्याला." मोटार दुसरीकडेच सापडली. पोरगा सुटला, चालत गेला, पण नीट चालत नव्हता. अटक नाही, गुन्हा नाही, तक्रार नाही, मृत्यू नाही. तुझ्या तिन्ही देशांच्या तक्त्यात ही रात्र कुठे बसते, ते तू सांग.

मी ती नोंद केली असती तर तो पोरगा मारापासून वाचला असता. डायरीत नाव आलं की माणसावर हात टाकायला लोक कचरतात. हे मला त्या वेळीही कळत होतं.

सदाफुली
काका, हे लिहिल्याबद्दल नमस्कार.

पांढरा_कोट
+1. दोनदा वाचलं.

रोखठोक
साहेब, तुमच्यासमोर मी काय बोलू. माझे वडील पोलिसात होते, दारू प्यायले की अशाच एका रात्रीबद्दल बोलायचे. मला ते आवडायचं नाही, म्हणून मी कायम खात्याची बाजू घेत आलो. मारहाणीला माझा पाठिंबा नाही.

मृणाल_बोखुम
ठाणे अंमलदार काकांमुळे आठवलं. पोलिसांनाच विचारून मोजायची एक पद्धत आहे. कार्ल क्लॉकार्स नावाचे अमेरिकन अभ्यासक होते. त्यांनी 11 काल्पनिक प्रसंग तयार केले. फुकट जेवण, सापडलेल्या पाकिटातले पैसे ठेवणं, पळणाऱ्या चोराला पकडल्यावर ठोसे मारणं, असे. "तुम्ही असं केलंय का" हे विचारायचंच नाही. विचारायचं, हे किती गंभीर आहे, याला काय शिक्षा व्हावी, प्रत्यक्षात काय होईल आणि तुमच्या सहकाऱ्याने केलं तर तुम्ही कळवाल का? हे प्रसंग अनेक देशांत भाषांतरित झाले. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या खात्यातलं मौन किती जाड आहे ते कळतं.

ठाणे_अंमलदार
फुकट चहाला सगळे "गंभीर नाही" म्हणतील, मीही म्हटलं असतं. शेवटचा प्रश्न मात्र बरोबर विचारलाय. मी कळवलं नव्हतं.

आकडेमोड
ब्राझील राहून गेलं. 2019 मध्ये एकट्या रिओ राज्यात पोलिसांच्या हातून 1,814 माणसं मारली गेली, म्हणजे साऱ्या अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने वर्षाला मरतात त्याहून जास्त. पूर्वी असे मृत्यू "प्रतिकार" या नावाच्या कागदावर नोंदले जायचे. पोलिसांनी गोळी घातली, कारण त्याने प्रतिकार केला, पुढे चौकशी नाही. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष ड्युटर्तेंच्या काळात शब्द होता "नानलाबान", म्हणजे तो उलटून लढला. आपला शब्द सगळ्यांना माहीत आहे, एन्काउंटर.

यावर लॅटिन अमेरिकेतल्या अभ्यासकांनी एक चांगली युक्ती काढली. चकमकीत किती मेले हे एकटं बघायचं नाही, किती जखमी झाले तेही बघायचं. खरोखर दोन्हीकडून गोळीबार होतो तिथे जखमी जास्त असतात, मेलेले कमी. सगळेच मेले आणि जखमी कुणी नाही, पोलिसांना ओरखडा नाही, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो. हे गुणोत्तर कुठल्याही देशात काढता येतं आणि त्याला कुणाच्या कबुलीची गरज लागत नाही.

वकील_नांदेडकर
अवांतर वाटेल, पण कायदा स्वतः काय करू देतो हेही तक्त्यात हवं. जपानमध्ये आरोप ठेवण्याआधी 23 दिवसांपर्यंत माणूस पोलिसांच्याच कोठडीत ठेवता येतो, रोज चौकशी. इंग्लंडमध्ये साधारण 24 तास, गंभीर गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीने जास्तीत जास्त 96 तास, दहशतवादाचे गुन्हे सोडता. "बेकायदा वागणूक" मोजली तर जपान निर्मळ दिसेल, कारण जे इतरत्र बेकायदा ठरेल ते तिथे कायद्यातच आहे. आणि आपण छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, अजून तो मान्य करून कायदा केलेला नाही. म्हणून आपल्या कायद्यात "छळ" असा स्वतंत्र गुन्हाच नाही. ज्याला कायद्यात नाव नाही, त्याचा धड आकडा येणार कुठून?

रानजाई (धागाकर्ती)
काल रात्री सगळं पुन्हा वाचलं. काकांच्या प्रतिसादानंतर लॅपटॉप बंद करून बाहेर चालून आले.

तीन देशांचा एक तक्ता ही कल्पना सोडली. सरांना आज सांगितलं, त्यांनाही पटलं. आता दोनच देश, आणि एकच प्रश्न. ताब्यात घेतलेला माणूस मेला तर तो मृत्यू कुठल्या कुठल्या कागदांतून जातो आणि कुठल्या कागदावर गळतो? इंग्लंडमध्ये 1984 च्या कायद्यापासून कोठडीचा अधिकारी तपास करणाऱ्याहून वेगळा असतो आणि माणूस आत आल्यापासून त्याच्या नावाची नोंद सुरू होते. कधी जेवण दिलं, कधी कोठडीत डोकावून पाहिलं, सगळं. आपल्याकडे ती नोंद ज्याच्या हातात आहे तो साहेबांच्या तोंडाकडे बघतो. हा फरक मला मोजायचाय. 11 आणि 88 हे आकडे प्रबंधात राहतील, पण पहिल्या पानावर, माझी चूक म्हणून.

पांढरा कोट ताई, शवविच्छेदनाच्या नमुन्याबद्दल तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. ठाणे अंमलदार काका, तुम्हाला एक विचारायचं आहे. दाखवलेली अटक आणि खरी अटक यातलं अंतर कागदांवरूनच पकडायचं असेल तर कुठले कागद शेजारी ठेवू?

ठाणे_अंमलदार
चार. ठाण्याची डायरी. लॉकअपचं रजिस्टर. सरकारी दवाखान्यातले वैद्यकीय तपासणीचे कागद, त्यावर डॉक्टर स्वतःच्या घड्याळाची वेळ टाकतो, आमच्या नाही. आणि रिमांड रिपोर्ट. सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालापासून, म्हणजे 1996 पासून, कोठडीतल्या माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करायची आहे, तेव्हा दवाखान्याचे कागद असायलाच हवेत. नसतील तर तीही नोंद कर. पाचवी गोष्ट आता सीसीटीव्ही. सुप्रीम कोर्टाने 2020 च्या डिसेंबरमध्ये सगळ्या ठाण्यांना सांगितलंय, चित्रीकरण 18 महिने जपा, निदान वर्षभर तरी. ते मागून बघ, काय उत्तर येतं ते लिहून ठेव.

चारही कागदांवरच्या वेळा एका ओळीत लिही. कुठे अडलीस तर फोन कर.

रानजाई (धागाकर्ती)
उद्या करू का, काका?

ठाणे_अंमलदार
दहानंतर कर. सकाळी मी चालायला जातो.